जुन्या तेलाचा धनी कोण?

यंत्र विकत घेण्यास पैसे लागतात. यंत्राचा धनी होण्यास त्याहून काही अधिक लागते. पैसे मोजले की मोटार दारात उभी राहते व किल्ली हाती येते. परंतु तिच्या पोटात काय चालले आहे, तिला केव्हा काय हवे आणि तिच्यातून जे बाहेर पडते ते कोठे जाते, हे ज्याला ठाऊक नाही, तो फार तर तिच्यात बसणारा उतारू होय. आमच्या अणशीच्या परिसरात आता पुष्कळ घरांत दुचाकी आहे. काही अंगणांत जीप किंवा लहान मोटारही उभी असते. घाटाच्या व अरण्याच्या या मुलखात वाहन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दवाखाना, बाजार, कचेरी ही सारी त्याच्याच चाकांवर जवळ आली आहेत. म्हणूनच वाहनासंबंधीच्या एका अगदी साध्या कामावर, म्हणजे इंजिनातील तेल घरच्या घरी बदलण्यावर, आमचे मत येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

वार्षिक अंकात सहलींची वर्णने, थोरांची चरित्रे आणि वर्षाऋतूवरील कविता यांच्या पंक्तीला इतका तेलकट विषय शोभेल काय, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचे उत्तर असे की, ज्या कामात हात मळतात त्या कामातही विचार करण्याजोगे पुष्कळ असते. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ज्याच्या घरी वाहन आहे त्याने, मग तो मुलगा असो वा मुलगी, तेल बदलण्याचे काम स्वतः शिकावे. परंतु इंजिनातून काढलेले जुने तेल कोठे पोहोचवावयाचे हे ज्याने आधी ठरविलेले नाही, त्याने या कामास हात लावू नये. या दोन वाक्यांपैकी पहिले पुष्कळांना पटते. दुसरे मात्र ऐकून घेण्यास फारसे कोणी थांबत नाही, आणि आम्हांस जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

प्रथम तेलाचे काम काय ते पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी गाडीवान चाक सैल करून आसाला एरंडेल किंवा दुसरे एखादे वंगण फाशी. ते नसले तर चाक करकरे, बैल थकत आणि आस झिजून जाई. मोटारीच्या इंजिनातही हेच तत्त्व आहे; फक्त वेग व उष्णता शतपट वाढली आहे. मिनिटाला तीन हजार फेरे घेणारा दांडा सेकंदाला पन्नास वेळा फिरतो. नळकांड्यातील ज्वलनाच्या क्षणी तेथील वायूची उष्णता दोन हजार अंशांच्या घरात जाते. अशा ठिकाणी लोखंडावर लोखंड घासू लागले तर इंजिन काही मिनिटांतच जखडून जाईल. तेलाचा एक अत्यंत पातळ थर त्या दोहोंमध्ये उभा राहतो व त्यांची गाठ पडू देत नाही. शिवाय तेच तेल उष्णता वाहून नेते, काजळी धुऊन काढते आणि धातूला गंजू देत नाही.

एरंडेलाचा उल्लेख आला म्हणून एक गंमत सांगतो. चार्ल्स वेकफील्ड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारींसाठी व विमानांसाठी जे वंगण तयार केले त्यात एरंडेल मिसळलेले होते. एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याने आपल्या मालाचे 'कॅस्ट्रॉल' हे नाव बनविले. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची इंजिनेही एरंडेलावर चालत. म्हणजे आमच्या गाडीवानाचे वंगण काही दिवस आकाशात उडून आले म्हणावयाचे! पुढे खनिज तेलाने त्याची जागा घेतली. परंतु आम्ही हे एरंडाचे गुऱ्हाळ येथेच थांबवितो व मुद्द्याकडे वळतो.

तेल जुने होते म्हणजे नेमके काय होते? ते काही पाण्यासारखे आटून जात नाही. ज्वलनातील काजळी, झिजलेल्या धातूची बारीक भुकटी, न जळलेल्या इंधनाचा अंश आणि थंड इंजिनातील बाष्प ही सारी त्यात मिसळत जातात. तेल बनविणाऱ्याने त्यात घातलेली संरक्षक रसायने हळूहळू खर्ची पडतात. मधाच्या रंगाचे तेल काळे होते, आणि जे वंगण होते तेच कालांतराने घाण वाहून फिरविणारे द्रव्य बनते. म्हणून ते ठरावीक अंतरानंतर काढून टाकावे लागते. हे अंतर गाडीगाडीप्रमाणे निराळे असते. आजच्या अनेक लहान मोटारींना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतील जे आधी येईल ते, असा नियम असतो. दुचाकींना याहून लवकर तेल बदलावे लागते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत हे सारे छापलेले असते. दुर्दैवाने आमच्याकडे ती पुस्तिका गाडीच्या पूजेबरोबरच हळदकुंकू लागून कपाटात जाते व पुन्हा कधी बाहेर येत नाही.

आता हे काम घरी का करावे? पुष्कळजण म्हणतील, पैसे वाचतात म्हणून. पैसे थोडेफार वाचतात, हे खरे. परंतु केवळ तेवढ्यासाठी आम्ही लेखणी उचलली नसती. अणशीहून दांडेली काय किंवा घाट उतरून कारवार काय, दोन्ही गावे पन्नासेक किलोमीटरांच्या पल्ल्यावर. मोठ्या गॅरेजमध्ये जावयाचे तर दिवस मोडतो. पावसाळ्यात दरड कोसळली म्हणजे घाटाचा रस्ताच बंद पडतो. अशा वेळी 'पुढच्या महिन्यात बघू' असे म्हणत माणूस तेल बदलणे लांबणीवर टाकतो आणि शेवटी इंजिनाची किंमत मोजतो. जो स्वतः हे काम जाणतो त्याला असे थांबावे लागत नाही. शिवाय वर्षातून एकदा-दोनदा गाडीखाली डोकावणाऱ्याला गळती, सैल झालेला नट, चिरलेली रबरी नळी ही वेळीच दिसते. चढणीवर गाडी बंद पडल्यावर हे दिसण्यापेक्षा अंगणात दिसलेले पुष्कळ बरे.

याहूनही मोठे कारण निराळेच आहे. आमच्या समाजात शिकलेला मनुष्य आणि काळे हात यांचे फारसे सख्य नाही. मॅट्रिक झालेला मुलगा पाना हातात धरावयास लाजतो, आणि मुलीच्या हाती पाना द्यावा हे तर पालकांच्या मनातही येत नाही. अशांना आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण करून देऊ. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पेशाने आमचेच बांधव. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी आमच्या शेजारच्या बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल हे त्या काळचे नवलाचे यंत्र. ते विकणारा जर ते खोलून पुन्हा जोडू शकत नसेल, तर घेणाऱ्याचा त्यावर विश्वास कसा बसावा? त्या लहानशा दुकानातून पुढे लोखंडी नांगर निघाले, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांची कंपनी स्थापन झाली. आमचे सर्वच विद्यार्थी कारखानदार होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु यंत्राकडे भीतीने किंवा भक्तीने न पाहता ओळखीने पाहण्याची दृष्टी प्रत्येकाला यावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

हे काम करावयाचे कसे, तेही थोडक्यात सांगणे अवश्य आहे. घरातील वडीलधारे माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांनी ते करू नये, ही पहिली अट. पुस्तिका पाहून तेलाचा प्रकार व माप निश्चित करावे. डब्यावर '२०-डब्ल्यू-४०' अशासारखी जी खूण असते तिच्यातील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून, थंडीत व उष्णतेत तेल किती दाट राहते हे ते आकडे सांगतात. 'सारेच तेल सारखे' हे म्हणणे येथे चालत नाही. दुचाकीला साधारणपणे एक लिटरच्या आसपास व लहान मोटारीला तीन ते चार लिटर तेल लागते.

गाडी सपाट, कोरड्या जागी उभी करावी आणि चाकांना दगड लावावेत. इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे तेल पातळ होऊन घाण बरोबर घेऊन निघते. मग ते बंद करून थोडा वेळ थांबावे, कारण कढत तेल व तापलेला सायलेन्सर दोन्ही हात भाजतात. मोटार उंच करावी लागली तर एक गोष्ट कधीही विसरू नये: जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. पक्क्या लोखंडी स्टँडवर गाडी टेकविल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरणे म्हणजे आपण होऊन मृत्यूच्या दाढेत मान देणे होय.

नंतर इंजिनाच्या तळाशी रुंद घमेले ठेवून खालचा नट योग्य मापाच्या पान्याने सैल करावा व शेवटचे फेरे हाताने फिरवावेत. तेल पूर्ण निथळू द्यावे. ऑइल फिल्टर काढताना त्याची जुनी रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या कडीला नव्या तेलाचे बोट फिरवून पिळाचा फिल्टर हातानेच घट्ट बसवावा. नटाचा वॉशर नवा घालावा. नट घट्ट हवा, परंतु सारे बळ पणाला लावून आवळला तर आटे जातात व चार आण्यांच्या कामाला चार हजारांचा फटका बसतो. नरसाळ्याने तेल घालताना सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमी घालावे. इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे, गळती पाहावी आणि थोड्या वेळाने तेलाची पातळी मोजून दोन खुणांच्या मध्ये आणावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर जाणे हे कमी असण्याइतकेच वाईट.

एवढे झाल्यावर तारीख, किलोमीटर व तेलाचा प्रकार एका वहीत लिहून ठेवावा आणि तेलाची पावतीही जपावी. वहीचा आग्रह कोणाला शाळामास्तरी वाटेल. परंतु आमच्या घाटाखालीच कैगा येथील अणुवीजकेंद्र आहे. तेथील पहिल्या क्रमांकाची अणुभट्टी १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालली व त्या वेळी तो जागतिक विक्रम ठरला. एवढे मोठे यंत्र एवढे दिवस चालते ते नशिबाने चालत नाही. प्रत्येक भागाची वेळच्या वेळी तपासणी आणि प्रत्येक तपासणीची नोंद यांच्या जोरावर ते चालते. जी शिस्त अणुभट्टीला लागते तिचाच एक लहानसा अंश आपल्या अंगणातील दुचाकीलाही लागतो.

येथे बहुतेक सांगणारे थांबतात. नवे तेल भरले, हात धुतले, काम झाले! पण घमेल्यात काळे तेल तसेच उभे असते, आणि आमच्या मते खरी परीक्षा आता सुरू होते. ते तेल जाते कोठे? कोणी ते परसातल्या खड्ड्यात ओततो. कोणी गवत मारण्यासाठी कुंपणाकडेला शिंपडतो. कोणी वाळवी लागू नये म्हणून वाशांना व खांबांना फासतो, कोणी रस्त्याकडेच्या गटारात लोटून देतो. यांत कोणाचाही दुष्ट हेतू नसतो, हे आम्ही मान्य करतो. किंबहुना वस्तू वाया जाऊ नये ही आमच्या खेड्यांची जुनी व चांगली सवयच त्यामागे असते. परंतु एरंडेलाचा ओघळ मातीत मुरून जात असे. या काळ्या तेलाची गोष्ट तशी नाही.

आमचा मुलूख कसा आहे, याचा विचार करा. काळी नदी आमच्याच जोयडा तालुक्यात, डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारनजीक सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्रास मिळते. तिच्या वाटेवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणे आहेत. १९८७ साली अणशीचे अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दांडेली अभयारण्यासह ते व्याघ्रप्रकल्पात आले आणि २०१५ साली त्या प्रकल्पाला काळी नदीचेच नाव देण्यात आले. वाघाचे रक्षण सरकार करील. त्यासाठी पाट्या आहेत, नाकी आहेत, पहारेकरी आहेत. परंतु आमच्या परसातून निघालेल्या वहाळावर कोणती चौकी बसवावयाची? येथे आषाढात पाऊस कोसळतो तेव्हा अंगणात सांडलेली कोणतीही वस्तू अंगणात राहत नाही. ती पन्हळीतून वहाळात, वहाळातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. त्याच पाण्याचा पाट कुणाच्या कुळागरात वळविलेला असतो. जे मातीत मुरते ते विहिरीच्या, आमच्या घरच्या कोंकणीत जिला 'बांय' म्हणतात तिच्या, झऱ्याकडे उतरते. काळी हे आमच्या नदीचे नाव आहे. तो तिचा रंग होऊ देणे आमच्या हाती आहे किंवा न होऊ देणेही.

'एवढ्याशा लिटरभर तेलाने काय होते?' असा प्रश्न कोणी करील. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याचे सांगणे असे आहे की, एका मोटारीतून एका वेळी काढलेले तेल दहा लक्ष गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते वर पसरते व हवा आणि पाणी यांच्यामध्ये पडदा धरते. त्यातील धातूंचे कण व काजळीतील विषारी द्रव्ये सहजासहजी नाहीशी होत नाहीत. अंगणापुरता हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतःच मांडून पाहावा. समजा, एका गावात साठ दुचाकी आहेत व प्रत्येकीचे एक लिटर तेल वर्षातून दोनदा बदलते. समजा, दहा मोटारींचे साडेतीन-साडेतीन लिटर तेल वर्षातून एकदा बदलते. दोहोंची बेरीज १५५ लिटर होते. दहा वर्षांत दीड हजारांहून अधिक लिटर! एकाच गावाच्या मातीत हे सारे ओतले तर त्याला 'एवढेसे' कोण म्हणेल?

वाळवीचा प्रश्न खरा आहे, त्याची टर उडविण्याचा आमचा मानस नाही. कौलारू घराचा वासा पोखरला गेला म्हणजे काय होते, ते आम्हां घाटमाथ्याच्या लोकांस सांगावयास नको. परंतु जुने तेल त्वचेला वारंवार लागणे अपायकारक आहे, हे आता सिद्ध झालेले आहे. ज्या खांबाला टेकून लहान मूल उभे राहते, ज्या कुंपणाला गुरे अंग घासतात, त्याला ते फासणे कितपत शहाणपणाचे? पावसात भिजणाऱ्या खांबावरचे तेल तर शेवटी मातीतच उतरते. लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर, दगडी बैठकीवर बसविणे हा उपाय आमच्या सुतारांना आमच्यापेक्षा अधिक चांगला ठाऊक आहे. काजूच्या टरफलांचे तेलही किनाऱ्यावर नावांच्या लाकडाला पूर्वापार लावीत आले आहेत; तेही कातडी भाजणारे असल्याने जपून वापरावे लागते, पण गाडीची घाण त्यात नसते.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे. सर्वांनी घरीच तेल बदलले तर गॅरेजवाल्याने खावे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. त्या पोरांच्या काळ्या हातांवर आमचा सारा प्रवास चालतो. परंतु तेल बदलणे हा त्यांच्या विद्येचा अगदी पहिला धडा आहे. जो गाडीधनी हा धडा गिरवितो त्याला पुढच्या धड्यांची किंमत कळते. मग तो मिस्त्रीशी घासाघीस कमी करतो व त्याच्या कौशल्याचा मान अधिक ठेवतो. शिवाय आम्ही जे पुढे सुचविणार आहोत त्यात गॅरेजवाला आमचा प्रतिस्पर्धी राहत नाही. तोच आमचा मुख्य आधार आहे.

कारण जुने तेल म्हणजे निव्वळ कचरा नव्हे. त्याच्या मुळाशी असलेले तेल झिजत नाही, ते केवळ मळते. योग्य कारखान्यात पाणी, काजळी व धातू वेगळे काढून त्यापासून पुन्हा चांगले वंगण तयार करता येते. गॅरेजवाले ते पिंपात साठवितात व त्याला गिऱ्हाईकही असते. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल घातक टाकाऊ पदार्थांत मोडते व ते अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जावे असा दंडक आहे. २०२३ साली त्या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून वंगण तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही जुन्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली. कायदा चांगला आहे. परंतु कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोहोचतो, फार तर मोठ्या गॅरेजपर्यंत पोहोचतो; अणशीच्या एखाद्या परसातील घमेल्यापर्यंत तो कसा पोहोचावा? तेथे घरधन्याचाच हात लागतो.

जर्मनीत नवे इंजिन-तेल विकणाऱ्या दुकानदारावर, विकलेल्या तेलाइतके जुने तेल गिऱ्हाइकाकडून विनामूल्य परत घेण्याचे बंधन आहे. अमेरिकेतही मोटारीचे सामान विकणाऱ्या पुष्कळ दुकानांत घरी काढलेले तेल नेऊन देता येते. यात परदेशाचे कौतुक करण्यासारखे फार काही नाही, कारण ही रीत आपल्या घरात रोज चालते. स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला सिलिंडर घेताना आपण रिकामा परत देतो. सोड्याची बाटली दुकानातच ठेवून येतो. मग तेलाच्या बाबतीत तेवढे अवघड का वाटावे?

म्हणून आमची सूचना एका ओळीची आहे: नवे आणताना जुने न्यावे. काढलेले तेल, नवे तेल ज्या डब्यातून आले त्याच डब्यात नरसाळ्याने भरावे. त्यात पाणी, पेट्रोल, रॉकेल यांचा थेंबही मिसळू नये. मिसळलेले तेल शुद्ध करणे फार कठीण जाते. जुना फिल्टर रात्रभर घमेल्यावर पालथा ठेवून निथळावा व तोही पिशवीत बांधून द्यावा. जमिनीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा पसरून तो झाडून घ्यावा; त्यावर पाण्याची बादली ओतू नये. डब्यावर 'जुने तेल' असे ठळक लिहून तो मुलांच्या व चुलीच्या वाऱ्यापासून दूर ठेवावा. पुढच्या खेपेस कोणी जोयड्याला, दांडेलीला किंवा कारवारला निघाला म्हणजे तो डबा पिंप ठेवणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचता करावा. एकट्याला हे जड वाटेल, तर दहा घरांनी मिळून पाळी लावावी. ग्रामपंचायतीने एखाद्या सावलीच्या, फरसबंद जागी एक झाकणाचे पिंप ठेविले व ते वेळोवेळी रवाना केले, तर फारच उत्तम. विजेवरची वाहने आता येऊ लागली आहेत व त्यांच्या मोटरीला हे तेल लागत नाही, हे खरे. पण त्यांच्यातील बॅटऱ्याही एक दिवस जुन्या होतील. तेव्हाही प्रश्न हाच राहील, म्हणून सवय आताच लागलेली बरी.

विद्यार्थी मित्रांनो, भाताच्या खाचरात पाणी अडवितानाही खालच्या खाचराचा विचार करावा लागतो, ही गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी घरीच पाहिली आहे. वरच्या बांधावर उभा असणारा जर म्हणाला की, माझे शेत भिजले, आता पाणी कोठे का जाईना, तर त्याला गावात कोणी शेजारी म्हणणार नाही. आपण सारे वरच्या बांधावरचे लोक आहोत. काळीचे पाणी आधी आपल्या दारावरून जाते, मग दुसऱ्यांच्या. तेव्हा घरी वाहन असेल तर या सुट्टीत पुस्तिका कपाटातून काढा, वडिलांना किंवा आईला बरोबर घ्या, हात काळे करा आणि काम शिका. मात्र पान्याला हात घालण्यापूर्वी जुन्या तेलाचा डबा कोण नेणार, केव्हा नेणार व कोठे नेणार, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ती लिहिता आली नाहीत तर गाडी खुशाल गॅरेजमध्ये पाठवा; त्यात कमीपणा नाही. लिहिता आली, तर तुम्ही त्या यंत्राचे खरे धनी झालात, असे आम्ही आनंदाने म्हणू.